नैसर्गिक प्रतिपिंड आणि कंपवात : एका विशेषणाची चिकित्सा

आजचा विषय पार्किन्सन्सचा आहे, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्याचा. त्यातही एकच प्रश्न घेऊ : नैसर्गिक प्रतिपिंड, म्हणजे नॅचरल अँटिबॉडीज, यांचा या आजारात वाटा काय? आम्ही डॉक्टर आहोत, पण तत्त्वज्ञानाचे. त्यामुळे औषध सांगणार नाही. युक्तिवाद तपासायचा, एवढंच आमचं काम.

आधी शब्द समजून घेऊ. लस घेतली किंवा जंतुसंसर्ग झाला की शरीर प्रतिपिंड तयार करतं, हे कोविडनंतर सगळ्यांना ठाऊक आहे. पण काही प्रतिपिंड अशा कुठल्याही ज्ञात निमित्ताशिवाय रक्तात सापडतात. उदाहरण अगदी घरातलं आहे. ज्यांचा रक्तगट ओ आहे त्यांच्या रक्तात ए आणि बी या दोन्ही गटांविरुद्धचे प्रतिपिंड असतात. त्यांना आयुष्यात कधी कुणाचं रक्त दिलेलं नसलं तरी असतात. लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तगट शोधले ते याच प्रतिपिंडांमुळे.

आता गंमत बघा. यांना 'नैसर्गिक' म्हणतात, पण नवजात बाळाच्या शरीराने हे तयार केलेले नसतात. पहिल्या काही महिन्यांत ते दिसू लागतात, आणि आतड्यातल्या जिवाणूंवर तशाच साखरेचे रेणू असतात म्हणून ते तयार होत असावेत, असं मानलं जातं. म्हणजे इथे 'नैसर्गिक' याचा अर्थ 'आम्ही मुद्दाम काही न करता सापडलेले' एवढाच. तो 'जन्मजात' नव्हे आणि 'हितकारक' तर नव्हेच. एरवी निरोगी रक्ताच्या बाटलीने रुग्णाचा जीव जाऊ शकतो, तो याच प्रतिपिंडांमुळे.

आमचा पहिला आक्षेप इथेच आहे. 'नैसर्गिक' हे विशेषण वर्णन म्हणून आत येतं आणि प्रशस्तिपत्र होऊन बसतं.

आता आजाराकडे वळू. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं. १९१२ साली फ्रिड्रिख ल्युई यांना अशा रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींत गोळे दिसले. ते गोळे अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाचे आहेत, हे १९९७ साली कळलं. त्याच वर्षी एका इटालियन आणि काही ग्रीक कुटुंबांत याच प्रथिनाच्या जनुकातला दोष सापडला. पुढे २००८ साली आणखी एक गोष्ट दिसली. काही रुग्णांच्या मेंदूत दहाहून अधिक वर्षांपूर्वी गर्भाच्या पेशींचं रोपण केलं होतं. त्या तुलनेने तरुण पेशींतही तसेच गोळे आढळले. यावरून कल्पना पुढे आली की बिघडलेलं प्रथिन एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातं आणि तिथलं चांगलं प्रथिनही बिघडवतं.

मग युक्तिवाद असा रचला गेला. एक, बिघडलेलं प्रथिन हे रोगाचं कारण. दोन, पेशींच्या मधल्या वाटेवर ते असताना प्रतिपिंड त्याला पकडू शकतात. तीन, निरोगी माणसांच्या रक्तात या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड आपसूकच असतात. म्हणून ते पहारेकरी असले पाहिजेत. चार, पहारेकरी कमी पडले की रोग, म्हणून ते बाहेरून पुरवावेत. ऐकायला सुरेख आहे. एकेक पायरी तपासू.

पहिली पायरी. आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या. हे असेल तिथे ते असतं का, आणि ते नसेल तिथे हेही नसतं का? ल्युई बॉडीज असूनही हयातीत कंपवाताची लक्षणं नसलेली वृद्ध माणसं शवविच्छेदनात आढळली आहेत. उलट पार्किन नावाच्या जनुकात दोष असलेल्या काही रुग्णांना आजार पूर्ण असतो आणि हे गोळे नसतात. दोन्हीकडून व्याप्तीला छेद जातो. म्हणून गोळ्यांचा संबंधच नाही असं कुणी म्हणू नये, जनुकाचा पुरावा भक्कम आहे. पण गोळा हे कारण, की पेशीने केलेला बंदोबस्त, की नुसता अवशेष, हा प्रश्न उघडा राहतो.

तिसरी पायरी सर्वांत कच्ची आहे. रुग्णांत हे प्रतिपिंड कमी असतात का? काही अभ्यासांत कमी निघाले, काहींत जास्त, काहींत फरकच नाही. याची कारणं समजण्यासारखी आहेत. प्रथिनाचा सुटा रेणू वापरून मोजलं की पुंजका वापरून, यावर आकडा बदलतो. जे प्रतिपिंड प्रथिनाला आधीच चिकटले आहेत ते मोजणीतून निसटतात. शिवाय रक्तातलं बहुतेक सगळं अल्फा-सिन्यूक्लिन तांबड्या पेशींत असतं, त्यामुळे नमुना घेताना त्या फुटल्या तर हिशेब बिघडतो.

आणि समजा, कमी निघाले, तरी काय सिद्ध होतं? न्यायशास्त्रात उपाधी नावाची कल्पना आहे. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणता येत नाही, कारण धूर ओल्या सरपणामुळे येतो. इथलं ओलं सरपण कोणतं? वय असू शकतं, आजाराची अवस्था असू शकते, चालू औषधं असू शकतात. आणि प्रतिपिंड जास्त निघाले तर? तेव्हा कुणी म्हणतं, शरीर लढतं आहे. कमी निघाले तर म्हणतं, पहारा ढिला पडला. दोन्ही निष्कर्ष एकाच सिद्धान्ताला पोषक ठरत असतील, तर त्या मोजणीने सिद्धान्ताला काहीच मिळालं नाही.

आता प्रत्यक्ष कसोटी. सिनपानेमॅब हे औषध या विचाराचं थेट अपत्य होतं. निरोगी माणसांच्या बी-पेशींतून हा प्रतिपिंड वेचलेला होता, म्हणजे निसर्गाचा पहारेकरीच बाटलीत भरला होता. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या ३५७ जणांवर त्याची चाचणी झाली आणि वर्षअखेर उपयोग दिसला नाही. प्रासिनेझुमॅब हा प्रयोगशाळेत घडवलेला दुसरा प्रतिपिंड. त्याची चाचणी ३१६ जणांवर झाली, प्रमुख निकषावर तिथेही फरक नव्हता. दोन्ही निकाल ऑगस्ट २०२२ मध्ये एकाच नियतकालिकात आले. पुढे प्रासिनेझुमॅबच्या ५८६ जणांवरच्या चाचणीतही प्रमुख निकष थोडक्यात हुकला, हे २०२४ च्या अखेरीस जाहीर झालं. कल अनुकूल आहे असं म्हणून कंपनीने २०२५ मध्ये तिसऱ्या टप्प्याची तयारी जाहीर केली.

यावर समर्थकांचं उत्तर काय? रक्तातला जेमतेम हजारावा हिस्सा प्रतिपिंड मेंदूत पोचतो. प्रथिन मुख्यतः पेशीच्या आत असतं, प्रतिपिंड बाहेर. लक्षणं दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. हे तिन्ही मुद्दे खरे असू शकतात. पण बघा, पहिले दोन मुद्दे औषधाइतकेच नैसर्गिक प्रतिपिंडांनाही लागू पडतात! बाहेरून भरपूर दिलेला प्रतिपिंड आत पोचत नसेल, तर रक्तात अल्प प्रमाणात असलेला तोच प्रतिपिंड आयुष्यभर मेंदूचं रक्षण कसा करत होता? बचावासाठी काढलेली ढाल मूळ सिद्धान्तावरच येऊन आदळते. मग पहारा आतड्यात किंवा रक्तात होतो असं म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणावं, पण तो नवा सिद्धान्त होतो आणि त्याचा पुरावा वेगळा द्यावा लागतो.

राहिला 'उशीर झाला' हा मुद्दा. आधी द्या म्हणायचं, तर किती आधी? इम्रे लॅकॅटोश सांगतात की सिद्धान्ताभोवती संरक्षक पट्टा असतो आणि तसा असण्यात गैर नाही. प्रश्न एवढाच की त्या पट्ट्यातून नवीन काही उगवतं, की नुसती डागडुजी होते. म्हणून आमची मागणी साधी आहे : कोणता निकाल आला तर ही कल्पना सोडाल, ते पुढची चाचणी सुरू होण्याआधी लिहून ठेवा.

ही मागणी नुसत्या तर्काची हौस नाही. त्या ३५७ जणांनी दर चार आठवड्यांनी हातात सुई टोचून घेतली. आजार दरम्यान पुढे सरकतच होता. अपयश स्वच्छ शब्दांत मांडणं, हे त्यांचं आपल्यावरचं ऋण आहे. दुसरीकडे, 'नैसर्गिक प्रतिकारशक्ती वाढवा आणि कंपवात थांबवा' असं सांगून पुड्या आणि बाटल्या विकणारे बाजारात बसलेलेच आहेत. संशोधकांच्या सैल शब्दांवर त्यांचं दुकान चालतं.

मग हाती काय राहतं? प्रतिकारसंस्थेचा या आजाराशी संबंध असणं शक्य आहे. २०१७ मध्ये काही रुग्णांच्या टी-पेशी अल्फा-सिन्यूक्लिनचे तुकडे ओळखतात असं दाखवलं गेलं. पण तिथे तीच संस्था पहारेकरी नसून हल्लेखोर असण्याची शंका आहे! एकाच शरीराचा 'नैसर्गिक' प्रतिसाद एके ठिकाणी तारक आणि दुसऱ्या ठिकाणी मारक असू शकतो, हे लक्षात ठेवलं तर विशेषणाचा मोह सुटेल.

तेव्हा, नैसर्गिक प्रतिपिंड आहेत, हे निरीक्षण. ते काही करतात, हे अनुमान. ते राखण करतात, ही आशा. तिन्हींना आपापल्या जागी ठेवावं. आणि घरात रुग्ण असेल तर लिव्होडोपा, व्यायाम आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला, हे आज उपयोगी पडणारं आहे, ते आशेपायी सोडू नये. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.