धुकं काढा, झालर राहू द्या

आज कुठल्या मोठ्या तत्त्वज्ञाबद्दल बोलणार नाही, एका फोटोबद्दल बोलतो. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या बिरसीहून हैदराबादचं विमान सुरू झालं. त्या हिवाळ्यात माझा नातू त्यातून गेला. एटीआर विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालची जमीन मोकळी दिसते. विमान चढत असताना त्याने एका मामा तलावाचा फोटो घेतला, मोबाइलवरच एडिट केला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. सगळे म्हणाले, वा! मी मूळ फोटो मागवला. म्हाताऱ्यांना ही खोड असतेच.

मूळ फोटो निळसर, मळकट. मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, त्यात खिडकीच्या प्लास्टिकवरचे ओरखडे. त्याने ‘डीहेझ’ची पट्टी सरकवली आणि बांध्यांचे धुरे उठून दिसू लागले. हे मला मान्य आहे. धुक्यातून पाहताना आपणही मनाने धुकं वजा करतोच की! उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ या २०१० च्या पुस्तकातले किल्ले हेलिकॉप्टरमधून टिपलेले आहेत. तिथे पुन्हा घिरटी मारता येते. विमानातल्या प्रवाशाला ना उंची ठरवता येते, ना वेळ, ना बाजू. त्याची बरीचशी निवड नंतर, या पट्ट्या सरकवतानाच होते. म्हणून त्याचं एडिटिंग मी गंभीरपणे घेतो.

पण पोरगा तिथे थांबला नाही. हिरवा रंग त्याने निळ्याकडे ढकलला. तलावाच्या कडेची हिरवी झालर गेली, सगळं पाणी निळंशार! अरे, ती झालर म्हणजे बेशरमाची झुडपं. उथळ कडेला ती माजली की पाण्यातल्या देशी वनस्पती हटतात, माशांना अंडी घालायला जागा उरत नाही, आणि ढिवरांचं जाळं रिकामं येतं. धुकं त्याच्या आणि तलावाच्या मधे होतं; बेशरम तलावातच आहे. धुकं काढलं तर तलाव नीट दिसतो, बेशरम काढलं तर तो तलावच राहत नाही. दोन्हीला आपण ‘एडिटिंग’ हा एकच शब्द वापरतो, घोटाळा तिथे आहे.

तो म्हणाला, “आजोबा, पण छान दिसतं ना?” दिसतं, नाही कशाला म्हणू? मी विचारलं, “बेशरम काढून द्या म्हणून गावाने अर्ज केला, तर हा फोटो जोडशील का?”

थोडा वेळ गप्प बसला. मग मूळ फोटो पुन्हा उघडला. धुकं काढलं, झालर ठेवली. आता पाणी निम्मंच दिसतं. ग्रुपवर दोन अंगठे आले, त्यातला एक माझा.