मधली फळी

मुस्लिम मराठी वाचकाने काय वाचावे, हा प्रश्न आपल्या संमेलनांतून आणि चर्चासत्रांतून वारंवार विचारला जातो. उत्तरही ठरलेले असते. समाजसुधारणेची चार पुस्तके, इतिहासाची दोन आणि एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र अशी यादी वाचून दाखवली जाते, टाळ्या होतात. यादीत खोट काढण्यासारखे काही नसते. पण ती ऐकून कोणी वाचक झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. माझ्या विद्यार्थिनींच्या घरी पुस्तके नसतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वरच्या फळीवर जुजदानात गुंडाळलेले कुरआन शरीफ आणि दुआंच्या पुस्तिका असतात. खालच्या फळीवर गाइडे आणि प्रश्नसंच असतात. वरची इबादतीची, खालची परीक्षेची. मधली फळी, म्हणजे नुसते वाचावे म्हणून वाचायच्या पुस्तकांची, रिकामी असते किंवा तिथे चहाचे कप मांडलेले असतात. दहावी झाली की खालची फळीही रद्दीवाल्याकडे जाते, आणि त्या मुलीचा मराठी अक्षराशी संबंध लाइटबिलापुरता उरतो. मला काळजी या मधल्या फळीची आहे.

तिथे काय ठेवावे? आपल्याकडे एक भेद फार पक्का आहे : माहितीचे पुस्तक म्हणजे इल्म आणि कथा-कादंबरी म्हणजे वेळ घालवणे. 'गोष्टीची पुस्तके काय वाचतेस' असे मुलींना सुनावणारे पालक मला दर वर्षी भेटतात. दुसरीकडे, मुसलमानांविषयीची म्हणून जी पुस्तके आपल्यापर्यंत पोहोचतात त्यांत तलाक, दंगल आणि फाळणी यांखेरीज दुसरे फारसे नसते; माणूस दिसतच नाही, प्रश्न दिसतो. आपल्यातल्या काही कथाकारांनीही हेच केले आहे. त्यांची पात्रे एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांपुढे व्याख्याने देतात. म्हणून मला यादीपेक्षा जोड्या लावणे बरे वाटते. एक कल्पित, एक घडलेले. किंवा एक उर्दूतले, एक बाहेरचे. एकाने दुसऱ्याला तपासावे.

पहिली जोडी चिमण्यांची. मौलाना आझादांचे 'गुबार-ए-खातिर' हे 1946 साली प्रसिद्ध झालेले पत्रांचे पुस्तक. यातली बहुतेक पत्रे 1942 ते 1945 या काळात आपल्या अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यातल्या कैदेत लिहिलेली आहेत. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले ते याच किल्ल्यात. आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. पण या पत्रांत राजकारण शोधायला जाल तर निराश व्हाल. पहाटे उठून स्वतःच्या हाताने केलेला चिनी चहा, त्यात दूध घालणाऱ्यांविषयीची नाराजी, संगीताचा शौक आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या! आधी मौलाना त्यांच्याशी लढाई पुकारतात, हरतात, आणि मग तांदळाचे दाणे टाकून दोस्ती करतात. एका चिड्याचे नाव ते कलंदर ठेवतात, दुसऱ्याचे मुल्ला. एवढा मोठा आलिम चिमणीपुढे हार मानतो, हे वाचताना जे हसू येते ते आपल्या घरांत फार दुर्मिळ झाले आहे. आणि याच पुस्तकात एप्रिल 1943 चे, पत्नीच्या निधनानंतरचे पत्र आहे. त्या कलकत्त्यात आजारी होत्या. सरकारकडे अर्ज करून भेटीची परवानगी मागणे आझादांनी नाकारले होते. त्या पत्रात ते रडत नाहीत. वाचणाऱ्याला मात्र पुढचे पान उलटायला वेळ लागतो. पुस्तकाची उर्दू फारसीने जड आहे, उर्दू माध्यमात शिकलेल्यांनाही अडखळायला होते. म्हणून अनुक्रमाने जाऊ नये, चिमण्यांपासून सुरुवात करावी. मलिक राम यांनी संपादित केलेली साहित्य अकादमीची आवृत्ती टिपांसह आहे, ती घ्यावी.

याच्या शेजारी सलीम अलींचे 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे 1985 चे आत्मचरित्र ठेवावे. इथेही चिमणीच आहे. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या एका पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही मुसलमानाने खावी की नाही, अशी शंका आली म्हणून तो ती मामांकडे घेऊन गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवले, आणि तिथून पुढे सारे आयुष्य घडले. हलाल-हरामच्या एका शंकेतून पक्षिशास्त्रज्ञ निघतो, ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले कान टवकारतात. कोकणातल्या वाचकांनी किहीमचे पान चुकवू नये. तिथे त्यांनी 1930 मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो, माद्या येऊन तपासतात, पसंत पडले तरच संसार सुरू होतो. आणि तो बसला की हे महाशय दुसरे घरटे विणायला घेतात! आझाद चिमणीला माणूस करतात, सलीम अली तिला चिमणीच राहू देतात. पाहण्याच्या दोन्ही रीती आपल्याला हव्यात. इंग्रजी सोपे आहे, बारावीच्या मुलांना झेपेल.

दुसरी जोडी सुचवताना थोडी कुरकुर होईल, हे मला ठाऊक आहे. हमीद दलवाईंची 'इंधन' ही 1965 ची कादंबरी. दलवाईंचे नाव काढले की आपल्याकडे दोन तट पडतात, आणि दोन्ही तटांवरच्या बहुतेकांनी 'इंधन' वाचलेली नसते. त्यांची वैचारिक भूमिका पटो न पटो, कादंबरीकार म्हणून त्यांना बाजूला सारणे हा आपलाच तोटा आहे. आजारपणामुळे विश्रांतीसाठी बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या गावी परतलेला निवेदक, त्याचे खोत-वळणाचे घर, कुळवाडी, महार, ब्राह्मण आणि मुसलमान यांच्यातले जमिनीचे आणि देहाचे व्यवहार, आणि हळूहळू पेटत जाणारे गाव. इथला मुसलमान बिचारा नाही, खलनायकही नाही. तो गावातल्या सत्तेचा एक भागीदार आहे. हे वाचायला अवघड जाते. दंगलीच्या पुष्कळ कथांत आग बाहेरून येते. इथे लाकडे घरातलीच आहेत. माझी तक्रार एकच, की स्त्रिया या कादंबरीत पुरुषांच्या भांडणाचे निमित्त म्हणून अधिक येतात.

ती उणीव भरायला मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन आहे. चळवळीसाठी फिरणाऱ्या माणसामागे नोकरी, घर आणि दोन मुली सांभाळणाऱ्या बाईची ही बाजू. नवऱ्याच्या कामावर तिचा विश्वास आहे, पण महिन्याचा हिशेबही तिच्याच हातात आहे. हे पुस्तक बायकांनी एकमेकींना वाचून दाखवावे असे आहे.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या वाचकांसाठी मी हिंदीतली एक कादंबरी सुचवते : अब्दुल बिस्मिल्लाह यांची 'झीनी झीनी बीनी चदरिया' (1986). बनारसच्या विणकरांची कहाणी. मतीन दुसऱ्याच्या कर्त्यावर साड्या विणतो, गिरस्त खोट काढून मजुरी कापतो, घरात बायकोला क्षय. मतीन विणकरांची सोसायटी काढायला जातो तर कळते, बड्या लोकांची कागदावरची सोसायटी आधीच तयार आहे. तिथे हातमाग, इथे पॉवरलूम. पण आगाऊ रकमेत अडकलेला कामगार आणि फुफ्फुसात जाणारा कापूस यांची ओळख आपल्या गल्लीत कुणाला करून द्यावी लागणार नाही. धर्म इथे सण-समारंभात, बोलण्यात, शिव्याशापांत मुरलेला आहे, पण कादंबरी चालते ती मजुरीच्या हिशेबावर. आपल्या यंत्रमागाच्या गावांवर मराठीत अशी कादंबरी कोणी लिहील का, याची मी वाट पाहते आहे.

संतांविषयी थोडक्यात. रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' आणि सेतुमाधवराव पगडींचे 'सूफी संप्रदाय' ही दोन्ही घरात असावीत. 1645 मध्ये 'योगसंग्राम' पूर्ण करणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद आपले, हे सांगायला आपल्याला भाषणांत आवडते. त्यांच्याविषयी चार पाने वाचलेली असली तर बरे.

'अग्निपंख' मुद्दाम सुचवत नाही. प्रत्येक बक्षीस समारंभात ते मिळतेच. रामेश्वरमची सुरुवातीची पाने मात्र मुलांसोबत मोठ्याने वाचावीत, पुढचे रॉकेट त्यांचे ते वाचतील.

आपल्या याद्यांत विनोद कधीच का नसतो? जणू हसणे आपल्याला परवडत नाही. पतरस बुखारींचा सायकलवरचा लेख उर्दूच्या मुलांना आवडतो. मिर्झाने गळ्यात मारलेली ती सायकल आठवून नववीतली मुले खिदळतात. त्याच मुलांच्या हाती चिं. वि. जोशींचे 'चिमणरावांचे चऱ्हाट' दिले तर पहिली दोन पाने ती कष्टाने वाचतात, शब्द विचारतात. मग चिमणराव आणि मिर्झा शेजारी असल्यासारखे वाटू लागतात आणि मराठीची भीती कमी होते. व्याकरणाच्या तासाने हे काम मी वर्षभरात करू शकत नाही.

शब्द विचारायला दर वेळी बाई जवळ नसतात. त्यासाठी श्रीपाद जोशी आणि एन. एस. गोरेकर यांचा 'उर्दू-मराठी शब्दकोश' जवळ असावा. तो राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढला. मंडळाची पुष्कळ पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण कोश हा कागदावरच हवा. एक शब्द शोधताना शेजारचे पाच नजरेखालून जातात. तो कोश मधल्या फळीवर ठेवावा, आणि कप स्वयंपाकघरात न्यावेत.