कुत्र्याच्या अटींवर

रेस्क्यू रील्सचा साचा आता आपल्याला पाठ आहे. कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं कुत्रं, पियानोचं संथ संगीत, पुढे येणारा हात. मग अंघोळ, टॉवेल, नवा पट्टा. ६० सेकंदांत शेपूट हलते आणि आपण डोळे पुसत पुढच्या रीलकडे सरकतो. मलाही त्या बघायला आवडतात. पण गोष्ट म्हणून तपासलं, तर त्यांच्यात एक मोठी खोट आहे: कथा कुत्र्याची आणि नजर माणसाची.

त्या हाताकडे कुत्र्याच्या बाजूने बघा. डोक्यावर येणारा हात, रोखलेले डोळे, समोर धरलेला फोन. घाबरलेल्या कुत्र्यासाठी हे चाल करून येणंच आहे. ते ओठ चाटतं, जांभई देतं, मान फिरवतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. ‘लांब राहा’ असं ते परोपरीने सांगत असतं. खाली कॅप्शन मात्र ‘किती गोड!’ अंघोळीत निमूट उभं राहिलेलं कुत्रं शांत झालंय की भीतीने गोठलंय, हे त्याच्या अंगावरून कळू शकतं. पण रील आपल्याला संगीत ऐकवण्यात गुंग असते.

ही नजर आपल्याला नवी नाही. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. करुणेची इतकी सुंदर गोष्ट क्वचितच सापडेल. तरी मला वाटतं, त्या कुत्र्याला तूप दिसलंच नसणार. दिसला असेल तो मागे धावत येणारा माणूस. अर्थात ती गोष्ट भक्ताची आहे, तिने कुत्र्याच्या मनात शिरावं अशी अपेक्षा नाही. रीलचा दावाच कुत्र्याची गोष्ट सांगण्याचा असतो.

किरणराज के. यांचा ‘७७७ चार्ली’ (२०२२) हा कन्नड चित्रपट याहून मोठी मजल मारतो. रक्षित शेट्टीचा एकलकोंडा, चिडका धर्मा आणि छळ करणाऱ्या ब्रीडरकडून पळालेली लॅब्राडोर चार्ली. पण इथेही मला एक गोष्ट खटकते. माणसाच्या हातून इतकं सोसलेली चार्ली धर्माला फार लवकर आपलंसं करते. तिची भीती पटकथेला गैरसोयीची आहे, कारण बदलायचं आहे ते धर्माला. कुत्री माणसाला वाचवते, हे सुंदरच. पण तिला सावरायला किती दिवस लागले, हा हिशेब मात्र राहून जातो.

हा हिशेब मांडणारं पुस्तक कुत्र्याचं नाहीच. सांत-एक्झुपेरीच्या ‘द लिटल प्रिन्स’मधला (१९४३) कोल्हा राजपुत्राला माणसाळवण्याची रीत समजावतो: आधी थोडं लांब बस, बोलू नकोस, रोज जरासं जवळ ये, आणि येशील तेव्हा ठरल्या वेळीच ये. घाबरलेल्या कुत्र्यासोबत काम करणारी माणसंही जवळपास हेच सांगतात. अंग तिरकं ठेवून जमिनीवर बसा, नजर रोखू नका, खाऊ कधीकधी कुत्र्याच्या मागच्या बाजूला टाका, म्हणजे त्याला खाता खाता लांबही जाता येईल. जवळ यायचं की नाही, हे ठरवणार कुत्रं. कोल्ह्याचा तो प्रसंग मला मोठा वाटतो तो यासाठीच: तिथे अटी प्राण्याच्या आहेत आणि वेळ माणसाचा जातो.

हा नुसता रसग्रहणाचा मुद्दा नाही. ६० सेकंदांची गोष्ट मनात धरून कुणी कुत्रं दत्तक आणतं. तिसऱ्या आठवड्यातही ते पलंगाखालून बाहेर येत नाही. ‘हे बिघडलेलंच आहे’ असं ठरवून त्याची परत पाठवणी होते. खरं तर बिघडलेली असते ती आपली अपेक्षा. पण घर सुटतं कुत्र्याचं.

मला एक कंटाळवाणी रील बघायची आहे. पलंगाखाली कुत्रं, त्याच्याकडे पाठ करून वाचत बसलेलं कुणीतरी, पंख्याची घरघर. बऱ्याच वेळाने एक नाक बाहेर येतं, पनीरचा तुकडा उचलतं आणि परत आत जातं. वाचणारा पान उलटतो. त्या दिवसापुरती गोष्ट तिथे संपते.