तुर्की राष्ट्रजन्माचे तीन साक्षीदार

विजयी राष्ट्राचा इतिहास बहुधा विजयी सेनापतीच्या दौतींतून उतरतो. यांत नवल नाहीं; ज्याच्या हातीं दप्तर, त्याच्या हातीं गोष्ट. परंतु राष्ट्र म्हणजे एकटा सेनापति नव्हे, आणि दप्तरांत ज्यांची नोंद नाहीं त्यांचाहि राष्ट्रावर कांहीं हक्क असतो. इतिहासानें तो हक्क मांडण्याचें टाळलें कीं तें काम वाङ्मयाकडे येतें. तुर्की लोकांच्या राष्ट्रयुद्धावर जीं पुस्तकें झालीं आहेत, त्यांतील तिहींचा विचार आम्ही येथें करणार आहों: मुस्तफा केमाल पाशाचें 'नुतुक' म्हणजे 'भाषण', हालिदे एदीब यांची 'आतेश्तेन गोमलेक' म्हणजे 'अग्नीचा सदरा' ही कादंबरी, आणि याकुप कादरी याची 'याबान' म्हणजे 'परका' ही कादंबरी. युद्ध एकच, पण तिघांच्या साक्षी तीन. कोणाची साक्ष कोठवर ग्राह्य धरावी, हा प्रश्न आहे.

प्रथम पूर्ववृत्त थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पहिल्या महायुद्धांत हरलेल्या उस्मानी साम्राज्यानें ३० ऑक्टोबर १९१८ रोजीं मुद्रोस येथें शस्त्रें खालीं ठेवलीं, आणि दोन आठवड्यांनीं विजेत्यांचें आरमार इस्तंबूलसमोर नांगर टाकून उभें राहिलें. १५ मे १९१९ रोजीं ग्रीक सैन्य स्मर्ना बंदरांत उतरलें. १० ऑगस्ट १९२० रोजीं सेव्हर येथें जो तह झाला, त्यानें तुर्कांच्या वांट्यास अनातोलियाचा एक तुकडा तेवढा ठेवला. तहावर सुलतानाच्या वकिलांनीं सह्या केल्या. पण त्यापूर्वींच, २३ एप्रिल १९२० रोजीं, अंकारा या आडगांवीं राष्ट्रसभा भरून तिनें कारभार आपल्या हातीं घेतला होता. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या सभेंतहि सुलतान-खलिफास शत्रूच्या कचाट्यांतून सोडविण्याचीच भाषा होती. पुढें १९२१ सालीं साकार्या नदीकांठीं बावीस दिवस-रात्र लढाई झाली. ३० ऑगस्ट १९२२ रोजीं ग्रीक फौजेचा मोड झाला. १ नोव्हेंबर १९२२ रोजीं सुलतानपद रद्द झालें. २४ जुलै १९२३ रोजीं लोझान येथें नवा तह झाला, आणि २९ ऑक्टोबर १९२३ रोजीं प्रजासत्ताकाची घोषणा झाली.

आपल्याकडे केमाल पाशाचें नांव घरोघर आलें तें खिलाफतीच्या चळवळीच्या वाटेनें. १९१९ पासून हिंदुस्थानांत खलिफाच्या गादीसाठीं सभा झाल्या, वर्गण्या जमल्या, मुंबईस मध्यवर्ती कमिटी स्थापन झाली. आणि ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्या तुर्कांनींच ३ मार्च १९२४ रोजीं खिलाफत मोडून खलिफास सीमेबाहेर घातलें. आपल्या लोकांस त्या वेळीं जो धक्का बसला त्याचें कारण उघड आहे. साम्राज्याचें दुःख आणि राष्ट्राचें दुःख हीं आपण एकच समजून चाललों होतों. तुर्कांसहि तीं वेगळीं करावयास पांच वर्षें लागलीं. 'आपण कोण?' या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं लढतां लढतां शोधलें, आणि आमच्या तीन पुस्तकांचा खरा विषय हाच आहे.

'नुतुक' हें नांवाप्रमाणें खरोखरच भाषण आहे. १५ ते २० ऑक्टोबर १९२७ या सहा दिवसांत केमाल पाशानें अंकारा येथें आपल्या पक्षाच्या अधिवेशनांत तें वाचून दाखविलें. त्यास छत्तीस तासांहून अधिक वेळ लागला. १९ मे १९१९ रोजीं आपण साम्सून बंदरांत उतरलों, येथून तो आरंभ करतो. जणुं काय राष्ट्राची जन्मवेळ त्या पावलावरूनच मांडावयाची आहे. पुढें तारांमागून तारा, पत्रांमागून पत्रें येतात. आम्हांस हा भाग कंटाळवाणा वाटला नाहीं. एर्झुरूम आणि सिवास येथील परिषदा तारायंत्राच्या बळावर जमल्या, आणि मोडलेल्या साम्राज्याच्या तारांवरूनच नव्या राष्ट्राचे निरोप गेले, हें दृश्य कोणत्याहि कादंबरीपेक्षां कमी चित्तवेधक नाहीं. युक्तिवाद कसलेल्या वकिलासारखा आहे. शत्रूवर राग कमी आणि डळमळणाऱ्या मित्रावर अधिक, हीहि त्याची एक खूण आहे.

तथापि वकिली ती वकिली. १९१९ सालीं जे त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे होते, ते रऊफ बे, काझिम काराबेकिर पाशा प्रभृति १९२७ पर्यंत त्याचे विरोधक ठरले होते. काराबेकिरावर तर १९२६ सालीं केमालाच्या खुनाच्या कटाचा खटलाहि झाला, आणि तो त्यांतून निर्दोष सुटला. 'नुतुक' वाचतांना हें विसरून चालणार नाहीं. हालिदे एदीब यांनीं १० ऑगस्ट १९१९ रोजीं केमालास पत्र लिहून अमेरिकेचें पालकत्व पत्करणें त्यांतल्या त्यांत बरें, असें सुचविलें होतें. तें पत्र 'नुतुका'त उतरून घेतलें आहे. सूचना चुकीची होती हें काळानें ठरविलें. पण परकीय तोफांच्या छायेंत लिहिलेलें पत्र विजयानंतरच्या तराजूंत घालून तोलणें हा इतिहासकाराचा न्याय नव्हे. शिवाय ग्रंथाचा फार मोठा भाग युद्धकाळास दिलेला असून पुढील वर्षें, ज्यांत विरोधी पक्ष बंद झाला आणि वृत्तपत्रांवर दाब आला, तीं झपाट्यानें उरकलीं आहेत. ग्रंथाच्या नशिबीं एक चमत्कारिक फेराहि आला. तो अरबी लिपींत छापला गेला. दुसऱ्याच वर्षीं लिपि बदलली. आणि पुढें भाषाहि इतकी शुद्ध केली गेली कीं, १९६० नंतरच्या दशकांत राष्ट्रपित्याचें भाषण राष्ट्राच्या मुलांस कळावें म्हणून नव्या तुर्कींत उतरवावें लागलें.

हालिदे हानुम यांची साक्ष निराळ्या जातीची आहे. त्या इस्तंबूलच्या अमेरिकन मुलींच्या कॉलेजांतून १९०१ सालीं पदवी घेऊन बाहेर पडल्या. १९१९ सालीं सुलतान अहमद मशिदीपुढील मैदानांत प्रचंड समुदायापुढें त्यांनीं भाषण केलें. १९२० सालीं पति डॉ. अदनान यांच्यासह वेष पालटून अंकारा गांठलें. सुलतानाच्या न्यायासनानें केमालाबरोबर त्यांनाहि देहान्ताची शिक्षा फर्माविली. त्यांनीं इस्पितळांत जखमींची शुश्रूषा केली आणि पुढें पश्चिम आघाडीवर फौजेंत नाईकाची जागा पत्करली. 'अग्नीचा सदरा' ही कादंबरी १९२२ सालीं, म्हणजे युद्धाची राख निवली नव्हती तोंच, प्रसिद्ध झाली. या नांवाची कादंबरी लिहिण्याचा बेत मुळांत याकुप कादरी याचा होता. हालिदे हानुम यांनीं तें नांव घेतलें, आणि प्रारंभीं त्यास उद्देशून पत्र लिहून तशी कबुलीहि दिली.

कथानक असें : स्मर्ना येथें पति व मूल गमावलेली आयशे इस्तंबुलास येते. परराष्ट्रखात्यांतील कारकून पेयामी आणि लष्करी अधिकारी इहसान हे दोघे तिच्यावर अनुरक्त होतात. तिघेहि अनातोलियांत जातात. आयशे परिचारिका होते. ती आणि इहसान रणांत पडतात. आणि दोन्ही पाय गमावलेला पेयामी इस्पितळांत पडल्या पडल्या ही हकीकत लिहितो. आयशेच्या चित्रणांत आम्हांस उणीव दिसते. ती बाई कमी आणि ध्वज अधिक आहे; ती चुकत नाहीं, चिडत नाहीं, थकतहि नाहीं. परंतु शेवटच्या पानावर लेखिकेनें जें केलें आहे त्यामुळें हा दोष बराचसा भरून निघतो. पेयामी शस्त्रक्रियेंत दगावतो, आणि दोन डॉक्टर त्याची वही चाळून चौकशी करतात, तों या नांवाची परिचारिका आणि या नांवाचा अधिकारी यांची कोठेंच नोंद सांपडत नाहीं. डोक्यांत रुतलेल्या गोळीमुळें झालेला हा भास, असें ते ठरवितात.

आमच्या मतें या शेवटांतच कादंबरीचें मर्म आहे. ज्यांच्या नांवानें राष्ट्र उभें राहिलें त्यांचीं नांवें दप्तरांत नाहींत. 'नुतुका'च्या पांच वर्षें आधींच हालिदे हानुम यांनीं दप्तराच्या मर्यादेवर बोट ठेवलें होतें. पुढें त्या स्वदेश सोडून गेल्या आणि १९३९ पर्यंत बाहेरच राहिल्या. १९२८ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींच्या दुसऱ्या ग्रंथांत केमालाची बुद्धि आणि धडाडी यांचें कौतुक आहे, आणि माझ्या आज्ञेबाहेर कोणी जाऊं नये या त्याच्या हट्टाचें वर्णनहि आहे. तुर्की भाषेंत तो ग्रंथ १९६२ सालीं पुस्तकरूपानें निघाला, तोहि कांहीं धार बोथट करून. १९३५ सालीं याच बाई डॉ. अन्सारी यांच्या निमंत्रणावरून दिल्लीस आल्या आणि जामिया मिल्लियांत पूर्व व पश्चिम यांच्या तुर्कस्थानांतील झगड्यावर त्यांनीं व्याख्यानें दिलीं, हें आपल्याकडील थोड्यांसच ठाऊक असेल.

तिसरा साक्षीदार सर्वांत कडवट. साकार्यानंतर उध्वस्त गांवांची पाहणी करण्यास जें मंडळ गेलें, त्यांत याकुप कादरी व हालिदे हानुम हीं दोघेंहि होतीं. 'याबान' १९३२ सालीं निघाली ती त्या पाहणीच्या आठवणींतून. महायुद्धांत हात गमावलेला अहमद जलाल हा सुशिक्षित अधिकारी आपल्या शिपायाच्या खेड्यांत राहावयास जातो. गांव त्यास 'परका' म्हणतो. तो राष्ट्राविषयीं बोलतो, तर गांवकरी सांगतात कीं आम्ही तुर्क नव्हों, आम्ही मुसलमान. तुम्ही म्हणतां ते तुर्क तिकडे हायमाना भागांत राहतात. ज्या राष्ट्राच्या नांवानें रक्त सांडत होतें, तें नांव त्या राष्ट्रासच ठाऊक नव्हतें! शेतकऱ्याचें चित्र याकुप कादरीनें अति काळें रंगविलें, ही त्याच्यावरील टीका आम्हांसहि बरीचशी मान्य आहे. त्या गांवांत एकहि शहाणा म्हातारा नसावा हें पटत नाहीं. पण शेवटीं दोषाचें माप तो गांवकऱ्यांच्या पदरीं टाकीत नाहीं. शतकानुशतकें ज्यांच्याकडून कर आणि शिपाई तेवढे घेतले, त्यांना तुम्ही काय दिलेंत, असें तो आपल्याच सुशिक्षित वर्गास विचारतो. हा प्रश्न 'नुतुका'च्या छत्तीस तासांत कोठेंहि इतक्या उघडपणें आलेला नाहीं.

तिन्ही साक्षी वाचून झाल्यावरहि एक जागा रिकामी राहते. अनातोलियांत ग्रीक आणि आर्मेनियन हेहि पिढ्यान् पिढ्या नांदत होते. आर्मेनियनांचा १९१५ पासून हद्दपारी आणि कत्तल यांत संहार झाला. सप्टेंबर १९२२ मध्यें स्मर्नाचे त्यांचे मोहल्ले जळाले. आणि १९२३ च्या करारानें सुमारें बारा लाख ख्रिस्ती आणि चार लाखांच्या आसपास मुसलमान यांची घरें दोन देशांत अदलाबदल झालीं. आमच्या तिघा साक्षीदारांच्या पुस्तकांत या लोकांचा आवाज जवळजवळ ऐकूं येत नाहीं. तो ऐकावयाचा तर इलियास व्हेनेझिस या ग्रीक लेखकाकडे गेलें पाहिजे. आयवालिक गांवच्या या पोरास १९२२ सालीं पकडून मजूर-पलटणींत घातलें. पुढें १९३१ सालीं त्यानें जें पुस्तक केलें त्याचें नांव नुसतें '३१३२८' असें आहे. हा त्याचा कैदी-क्रमांक. हालिदे हानुम यांच्या आयशेची दप्तरांत नोंद नाहीं, आणि या मुलाची नोंद आहे पण नांव पुसलें गेलें आहे. ज्यास राष्ट्राचा जन्म कसा होतो हें समजून घ्यावयाचें आहे, त्यानें हीं दोन पानें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावीं.

मग निवाडा काय? 'नुतुक' हें तिहींत सर्वांत समर्थ गद्य आहे, पण तें वादीचें निवेदन म्हणून वाचावें. 'अग्नीचा सदरा' कलेच्या दृष्टीनें असमान. 'याबान' रचनेंत अधिक घट्ट आणि न्यायबुद्धींत कमी. तरी दोन्ही कादंबऱ्यांनीं एक गोष्ट साधली, जी भाषणास साधली नाहीं : राष्ट्र १९ मे १९१९ रोजीं साम्सूनच्या धक्क्यावर तयार होऊन उतरलें नाहीं, तें घडवावयाचें होतें, आणि घडवितांना कोणी ध्वज झालें, कोणी परकें राहिलें, कोणी क्रमांक बनलें, हें त्यांनीं दाखविलें. प्रत्येक तरुण राष्ट्रास आपलें एक 'नुतुक' असावेंसें वाटतें, आणि तें असावेंहि. मात्र त्याच्या शेजारीं त्याच फळीवर दुसरीं पुस्तकें ठेवण्याचें धैर्य त्या राष्ट्रास आहे कीं नाहीं, यावरून त्याचें वय आम्ही ओळखूं.