सोफीची सही

‘आपण कोण?’ हा प्रश्न मी बँकेत रोज विचारतो. सही जुळली की माझं समाधान होतं. पंधराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावरच्या सोफीला हाच प्रश्न टपालपेटीतल्या चिठ्ठीत येतो, आणि तिथे सहीनं भागत नाही. नॉर्वेच्या योस्टाइन गार्डरची ‘सोफीज वर्ल्ड’ ही १९९१ची कादंबरी अशी सुरू होते.

मी पडलो बी.कॉम. ‘नावे’ आणि ‘जमा’ यापलीकडचं द्वैत मला ठाऊक नाही. तरी लेगोच्या ठोकळ्यांवरून डेमॉक्रिटसचे अणू मला एका बैठकीत समजले. पुढे मात्र मास्तर बोलत सुटतात आणि सोफी, हेडक्लार्कसमोरच्या नव्या कारकुनासारखी, नुसती माना डोलावते. तेव्हा गोष्ट बिनपगारी रजेवर जाते. आपला बुद्धही ह्यूमच्या प्रकरणात पाहुण्यासारखा डोकावून परततो.

पण निम्म्या वाटेवर सोफीला कळतं, की आपण कुणा बापानं लेकीच्या वाढदिवसासाठी लिहिलेलं पात्र आहोत! इथे माझी चौदा वर्षांची मुलगी वाचता वाचता थांबली.

“बाबा, आपल्यालाही कुणी लिहिलं असलं तर?”

“तर तो माझं प्रमोशन लिहायला विसरलाय.”

ती हसली नाही. साऱ्या व्याख्यानांनी जे साधलं नाही, ते त्या एका कलाटणीनं साधलं होतं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एका म्हाताऱ्याची थरथरती सही जुळेना. “अहो, मीच तो!” ते काकुळतीनं म्हणाले.

‘कशावरून?’ हे नेहमीचं वाक्य माझ्या तोंडून काही फुटेना.