अपुऱ्या वहीचा प्रश्न

दलित स्वकथनांवर लिहिताना आपले समीक्षक एका प्रतिमेवर फार लुब्ध झालेले दिसतात. चिमणीच्या उजेडात, नाहीतर रस्त्यावरच्या दिव्याखाली रात्र जागून शिकणारा मुलगा. ही प्रतिमा खोटी नाही. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजी सुभेदार भीमरावाला रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवीत, आणि १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. हा आपला वारसा आहे आणि त्याचा अभिमान रास्तच आहे.

पण याच प्रतिमेचा एक सोयीस्कर अर्थ प्रस्थापितांनी काढला. शिकला तो जिद्दीने शिकला. मागे राहिला तो आळसाने राहिला. म्हणजे हिशेब संपला! वर्गातल्या पाच-सहा तासांत त्या मुलाला काय मिळाले, हे कोणी विचारायचेच नाही. माझा आक्षेप या न विचारण्याला आहे.

वास्तविक आपले वाङ्मय वर्गाबद्दल पुष्कळ सांगते. एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुले ते हलवायला धावली. ओमप्रकाश वाल्मीकींच्या ‘जूठन’मध्ये (१९९७) हेडमास्तर कोवळ्या पोराच्या हाती झाडू देतो, इतर मुले वर्गात शिकतात, हा मैदान झाडतो. दोन्ही ठिकाणी मुद्दा एकच आहे. काम वर्गात पुरे करण्याचा हक्कच नाकारला जातो.

आज फळ्यामागचे डबे गेले, झाडू उघडपणे हाती देणे गुन्हा ठरले. तरी एक साधे वाक्य शिल्लक आहे : ‘उरलेले घरून पूर्ण करून आणा.’ या वाक्यात जात कुठेच नाही, म्हणूनच ते तपासले पाहिजे. ज्याच्या घरी टेबल आहे, विचारायला शिकलेला बाप आहे, संध्याकाळी क्लास आहे, त्याचे उरलेले पुरे होते. ज्याची आई कामावरून आल्यावर पाण्याला जाते आणि धाकटे भावंड याच्याच मांडीवर असते, त्याची वही अपुरी राहते. अपुऱ्या वहीला शेरा मिळतो, शेऱ्याची लाज वाटते, लाजेपायी मागचा बाक येतो, आणि एक दिवस तो बाकही रिकामा होतो. गळती म्हणतात ती ही.

मी शिकवतो. त्यामुळे शिक्षकाची बाजू मला ठाऊक आहे. एका वर्गात पन्नास-साठ मुले, त्यात निवडणूक, त्यात जनगणना. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला. २४व्या कलमात प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवले. पण २७व्या कलमाने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका शिक्षकाच्या गळ्यात ठेवल्याच. तेव्हा रिकाम्या जागा भरण्याची लढाई कार्यकर्त्यांनी लढलीच पाहिजे. मात्र ती जिंकेपर्यंत वर्गात काहीच करता येत नाही, हे मला मान्य नाही.

मदतीच्या नावाखाली चालते त्यातही फसवणूक आहे. गाइडमधली उत्तरे फळ्यावर उतरवून देणे, हुशार मुलाची वही फिरवणे. वही भरते, डोके रिकामे राहते. तपासणीला साहेब येतो तेव्हा सर्व वह्या पूर्ण! ही मदत मुलाला नव्हे, कागदाला आहे.

खरी मदत फार साधी आहे. दहा गणितांऐवजी चार द्यावीत, पण ती चारही वर्गातच सुटावीत. पहिले सर्वांबरोबर फळ्यावर, दुसरे शेजाऱ्याबरोबर, उरलेली ज्याची त्याने. तासाची शेवटची पंधरा मिनिटे यासाठीच राखावीत, आणि तेवढा वेळ शिक्षकाने खुर्ची सोडून मागच्या बाकापासून फिरायला सुरुवात करावी. सगळ्यांचे उतरून झाल्याशिवाय फळा पुसू नये. मुलगा आपल्या बोलीत उत्तर सांगत असेल तर आधी ते ऐकावे. प्रमाणभाषा मागून येते. ‘अजून झाले नाही?’ असे न विचारता ‘कुठे अडले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नात आरोप आहे, दुसऱ्यात शिक्षण आहे.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हटले, आणि शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले शिक्षक नेमा असेही म्हटले. मूल शाळेत येणे आणि शिक्षकाला त्या मुलाचे घर ठाऊक असणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच निवेदनात मागितल्या. पहिली आपण बरीचशी मिळवली. दुसरीचे काय?

आता आपल्यातलेच कितीतरी जण मास्तर झाले आहेत. जयंतीला ते दिव्याखालच्या मुलाची गोष्ट सांगतात. सांगावी. पण दुसऱ्या दिवशी वर्गात ज्याची वही अपुरी निघेल, त्याला पुन्हा त्या दिव्याखाली पाठवू नये. त्याच्या शेजारी बसावे.