शिसेरहित ऊर्जासंचयी सिरॅमिक पदार्थ : मूल्यमापनाच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :
शिसेयुक्त सिरॅमिक पदार्थ इलेक्ट्रॉनिक घटकांच्या निर्मितीत दीर्घकाळ उपयोगात आहेत. शिशाच्या विषारीपणामुळे युरोपीय संघाने २००३ मध्ये विद्युत उपकरणांतील त्याच्या वापरावर निर्बंध घालणारा निर्देश संमत केला व तो १ जुलै २००६ पासून लागू झाला. समतुल्य पर्याय नसल्याने सिरॅमिक घटकांतील शिशाला मात्र त्यात सूट मिळाली. तेव्हापासून बेरियम टायटेनेट, बिस्मथ सोडियम टायटेनेट, सिल्व्हर नायोबेट इत्यादींवर विपुल संशोधन झाले. हे संशोधन मौलिक असले, तरी त्याचे यश ज्या निकषांवर ठरविले जाते ते तपासणे अगत्याचे आहे.

ऊर्जाघनतेचा आकडा :
धारित्रात (कपॅसिटरमध्ये) साठणारी ऊर्जा विद्युत क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सापेक्ष पारगम्यता १००० व स्थिर मानल्यास, मिलिमीटरला १० किलोव्होल्ट क्षेत्रात दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.४४ ज्यूल ऊर्जा साठते. ३० किलोव्होल्टला तीच सुमारे ४ ज्यूल होते. म्हणजे पदार्थ तोच असूनही आकडा नऊपट होतो. नमुना जितका पातळ व इलेक्ट्रोड जितका लहान, तितकी दोष आढळण्याची शक्यता कमी आणि नमुना अधिक क्षेत्र सहन करतो. त्यामुळे जाडी व इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ न देता केलेली तुलना पदार्थांची न राहता नमुन्यांची होते.

कार्यक्षमतेचीही उपेक्षा होते. दर घन सेंटिमीटरला ५ ज्यूल ऊर्जा परत देणाऱ्या पदार्थाची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर प्रत्येक चक्रात सुमारे २.१ ज्यूल उष्णतेत जातात. सेकंदाला १०० चक्रे झाल्यास ही उष्णता २०० वॅटहून अधिक होते. इतक्या तापमानवाढीत पदार्थाचे गुणधर्म टिकतील, असे एका चक्राच्या मापनावरून म्हणता येत नाही.

'शिसेरहित' या विशेषणाचा अर्थ :
हे विशेषण पदार्थाचे रासायनिक संघटन सांगते; पर्यावरणीय निष्कर्ष नव्हे. बिस्मथ हा धातू मुख्यत्वे शिशाच्या शुद्धीकरणातील उपउत्पादन म्हणून मिळतो. शिशाला पर्याय म्हणून निवडलेले मूलद्रव्य अशा प्रकारे शिशाच्याच उद्योगाशी बांधलेले असते. नायोबियमबाबतही सावधगिरी हवी. २०१६ मध्ये इब्न-मोहम्मद व सहकाऱ्यांनी दाबविद्युत सिरॅमिकांच्या जीवनचक्राचा अभ्यास केला. त्यात नायोबियमयुक्त शिसेरहित पदार्थाचा पर्यावरणावरील भार, खनन व निष्कर्षणाचा विचार करता, अनेक बाबतींत शिसेयुक्त पदार्थाहून अधिक आढळला. अर्थात यावरून शिशाचे समर्थन होत नाही. कामगारांच्या व भंगार वेचणाऱ्यांच्या शरीरात जाणारे शिसे हा धोका खराच आहे. मात्र तो टाळताना दुसरा भार खाणीकडे तर ढकलला जात नाही ना, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

निष्कर्ष :
ऊर्जाघनतेबरोबर नमुन्याची जाडी, इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ, कार्यक्षमता, तापमानमर्यादा व चक्रसंख्या नोंदविणे हा शोधनिबंधाच्या स्वीकृतीचा किमान निकष असावा. सर्वोच्च क्षेत्रातील आकड्यासोबत समान, मध्यम क्षेत्रातील आकडाही द्यावा. मर्यादित साधने असलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांना उच्चांकाच्या स्पर्धेपेक्षा अशी काटेकोर, पडताळता येणारी मापने अधिक साध्य आहेत. आणि या विद्याशाखेला आज त्यांचीच अधिक गरज आहे.